खेळ आधी, भाषा मागून: कोल्हापुरातून ऑ पेअर म्हणून निघालेल्यांसाठी

जर्मनीत एखाद्या कुटुंबात राहून मुलं सांभाळायला, म्हणजे ऑ पेअर म्हणून, जायचं ठरतं. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन भाषेची ए वन ही पहिली परीक्षा झाली, मुंबईच्या जर्मन वकिलातीची कागदपत्रं जमली, की बॅग भरायला सुरुवात होते. थर्मल, लोकरीचे मोजे, लोणच्याची बरणी, मिक्सर न्यायचा की नाही यावर घरात चर्चा. या सगळ्यात एक तयारी बहुतेकांची राहून जाते. पहिल्याच आठवड्यात एखाद्या दुपारी तीन वाजता चार वर्षांचं एक लेकरू तुमच्यासमोर उभं राहणार आहे. ते भराभर बोलणार आणि तुम्हाला दहातले दोन शब्द कळणार. पुढचे चार तास त्याच्याबरोबर काय करायचं?

त्याचं उत्तर कोल्हापुरातच तयार करून जायचं आहे. आपल्या गल्लीतल्या, अंगणातल्या, दिवाळीच्या सुट्टीतल्या कितीतरी खेळांना भाषा जवळपास लागतच नाही. हात, डोळे आणि चार खुणा पुरतात. ते खेळ नीट, साहित्यासकट, कुठं बिघडतात ते माहीत करून घेऊन गेलात तर पहिला महिना सोपा जातो, आणि भाषा त्या खेळांमधूनच येते.

आधी कामाची चौकट थोडक्यात. ऑ पेअर हा फ्रेंच शब्द, अर्थ ‘बरोबरीच्या नात्यानं’. घरात राहायचं, मुलं सांभाळायला मदत करायची, बदल्यात जेवणखाण, स्वतंत्र खोली, हातखर्च आणि भाषा शिकायची संधी. जर्मनीत वय किमान १८ लागतं आणि व्हिसाचा अर्ज करताना २७ पूर्ण झालेली चालत नाहीत. मुदत सहा महिने ते एक वर्ष. काम आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास, आठवड्यात दीड दिवस सुट्टी आणि महिन्यातून निदान एक रविवार पूर्ण मोकळा. हातखर्च सध्या महिन्याला २८० युरो, शिवाय भाषेच्या वर्गासाठी ७० युरो. आजारपण, अपघात यांचा विमा तिथल्या कुटुंबानं काढायचा. आणखी एक गोष्ट आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत नसते: तिकडं स्थायिक झालेल्या मराठी किंवा भारतीय कुटुंबात ऑ पेअर म्हणून राहायचं ठरवलंत तर व्हिसा अडतो, कारण घरात जर्मन बोललं जायला हवं आणि ती कुणाचीही मातृभाषा नसेल तर ऑ पेअर त्या कुटुंबाच्याच मूळ देशातली असून चालत नाही. नियमामागचा हेतू सरळ आहे. भाषा शिकायला गेलात, ती शिका.

आता सरावाकडं. निघायच्या आधी निदान दोन महिने, आठवड्यातून तीन दिवस, शेजारच्या किंवा नात्यातल्या मुलांबरोबर सलग दोन तास काढा. बालवाडीत मदतनीस म्हणून जाता आलं तर फारच चांगलं, आणि तिथल्या बाईंकडून तारखा, तास आणि मुलांची वयं लिहिलेलं पत्र घ्या. कुटुंब निवडताना समोरचे लोक हेच विचारतात. त्या दोन तासांत मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि एक अवघड सराव जरूर करा: अर्धा तास तोंडातून एकही शब्द न काढता मूल रमवायचं. हातवारे, चेहरा, करून दाखवणं एवढ्यावर. सुरुवातीला पाच मिनिटांत दमछाक होते. पण जर्मनीत पहिले तीन आठवडे नेमकं हेच करायचं असतं, आणि ज्यांनी हा सराव केलेला असतो त्या मुली तिथं गांगरत नाहीत.

खेळ शिकवताना बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. साहित्य आधी मांडलेलं नसतं. मूल खुर्चीवर बसल्यावर तुम्ही कात्री शोधायला उठलात की त्याचं लक्ष गेलं. म्हणून ताटली पद्धत वापरा. एका खेळाचं सगळं साहित्य, कात्रीपासून हात पुसायच्या फडक्यापर्यंत, एका ताटात आधी मांडायचं आणि मगच मुलाला हाक मारायची. दुसरी चूक म्हणजे सगळं स्वतः करून दाखवणं. तुमचा कंदील सुरेख झाला आणि मूल नुसतं बघत बसलं, तर तो तुमचा खेळ झाला. वेडावाकडा चालेल, पण हात त्याचे लागले पाहिजेत.

कंदील

सगळ्यात आधी हा शिका, कारण आपली दिवाळी आणि तिकडचा सेंट मार्टिनचा दिवस एकाच हंगामात येतात. ११ नोव्हेंबरला, किंवा त्याच्या आसपासच्या संध्याकाळी, मुलं हातात कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत मिरवणुकीनं फिरतात. त्याआधीचे दोन आठवडे बालवाडीत, म्हणजे तिकडच्या किटामध्ये, सगळीकडं कंदील बनवणं चालू असतं. ज्याला आकाशकंदील येतो त्याला हे आयतं मैदान आहे.

महाद्वार रोडवर किंवा लक्ष्मीपुरीत पतंगी कागद मिळतो. आठ-दहा रंगांचे प्रत्येकी दोन ताव घ्या, गुंडाळी करून पुठ्ठ्याच्या नळीत घाला. वजन काहीच नाही. बाकी सगळं तिथं मिळतं.

लहान मुलांसाठी बांबूच्या कामट्यांचा सांगाडा नको. कामट्यांची टोकं लागतात, दोरा बांधताना मुलाचा धीर सुटतो. गोल कंदील करा. तळाला चीजचा गोल पुठ्ठ्याचा डबा किंवा जाड पुठ्ठ्याची १५ सेंटीमीटर व्यासाची चकती. तिच्या कडेनं फिरवायला ५० सेंटीमीटर लांब आणि २० सेंटीमीटर उंच असा बटर पेपरसारखा अर्धपारदर्शक कागद. चकतीचा परीघ ४७ येतो, उरलेले तीन चिकटवायला. कागद टेबलावर आडवा पसरायचा आणि मुलानं पतंगी कागद हातानं फाडून त्यावर चिकटवायचा. कात्री नको, फाडलेल्या कडा प्रकाशात जास्त सुंदर दिसतात आणि तीन वर्षांच्या मुलालाही फाडता येतं. डिंक दोन भाग, पाणी एक भाग, रुंद ब्रश.

इथं तीन गोष्टी बिघडतात. पहिली, पतंगी कागद ओला झाला की रंग सोडतो. हात, टेबल, अंगातला कपडा, सगळं गुलाबी. खाली जुनं वर्तमानपत्र, अंगात जुना शर्ट, आणि डिंक कमी. दुसरी, मुलांना एकावर एक थर चढवायला आवडतं आणि दोनपेक्षा जास्त थर झाले की उजेड बाहेर येत नाही. पहिला थर झाल्यावर कागद खिडकीला धरून दाखवा, मुलाला ते लगेच कळतं. तिसरी आणि सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे ओला असतानाच गुंडाळणं. कागद फाटतो आणि लेकरू रडतं. रात्रभर सपाट वाळू द्या, सकाळी गुंडाळून तळाला चिकटवा. वरच्या काठाला आतून पुठ्ठ्याची दोन सेंटीमीटर रुंद पट्टी लावा, समोरासमोर दोन भोकं पाडा, त्यांतून तार ओवा. आत मेणबत्ती लावू नका. तिथं बॅटरीवर चालणारी दिव्याची काठी मिळते, ती तारेला अडकते.

घरी खळ करून चिकटवायची सवय असेल तर तीही चालेल: दोन मोठे चमचे मैदा, एक कप पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं. पण आपल्याकडं कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, तो अजिबात नको. मोरचूद विषारी आहे आणि लहान मुलांची बोटं तोंडात जातातच.

बेंदराचा बैल, पिठाचा

कुंभार गल्लीत बेंदराला मातीचे बैल मांडलेले असतात ते एकदा हातात घेऊन नीट बघा. पाय वेगळे करून चिकटवलेले आहेत की अंगातूनच ओढून काढलेत? मुलांच्या हातचा बैल मोडतो तो याच कारणानं. चिकटवलेला पाय वाळताना आकसतो आणि निखळतो. म्हणून पिठाचा एक जाड लांबट गोळा घ्यायचा, दोन्ही टोकांना खालून मधोमध चीर द्यायची आणि चार पाय ओढून काढायचे. पुढून मान वर ओढायची. वशिंड चिमटीनं काढायचं. शिंगं तेवढी वेगळी, आणि ती लावताना दोन्ही बाजूंना पाण्याचं बोट फिरवायचं.

वाळवून ठेवायच्या वस्तूंसाठी दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, आणि पाऊण ते एक वाटी पाणी थोडं थोडं करून. चपातीच्या कणकेपेक्षा घट्ट मळायचं, दहा मिनिटं. तिकडं मैद्याच्या जवळचं पीठ म्हणजे पुडीवर ४०५ आकडा असलेलं गव्हाचं पीठ. कोमट पाणी घेतलं तर मीठ लवकर विरघळतं आणि पृष्ठभाग खरखरीत होत नाही. चपट्या वस्तू एक सेंटीमीटरच्या आत ठेवा. दोन-तीन दिवस हवेशीर जागी वाळवा, रोज उलटा. घाई करून गरम ओव्हनमध्ये घातलं की बाहेरचा पापुद्रा आधी कडक होतो, आतली वाफ तो फोडते आणि भेगा पडतात. ओव्हनच वापरायचा तर १०० अंशांच्या वर नेऊ नका, आणि ते काम तुमचं. पाय असलेला बैल जाड असतो, त्याला आठवडाही लागतो. मुलाला हे आधीच सांगा, नाहीतर रोज सकाळी विचारणा होते.

पुन्हा पुन्हा खेळायचा मऊ गोळा वेगळा. दोन वाट्या मैदा, पाऊण वाटी मीठ, दोन वाट्या पाणी, दोन मोठे चमचे तेल, तीन मोठे चमचे लिंबाचा रस. सगळं गाठी मोडून एकत्र करायचं, जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर चार-पाच मिनिटं उलथन्यानं फिरवायचं. पिठलं होतं तसं आधी घट्ट होतं, मग भांडं सोडून गोळा जमतो. बोटाला चिकटत असेल तर कच्चं आहे, आणखी एक मिनिट. चुरा पडत असेल तर जास्त झालं, चमचाभर तेल लावून मळा. लिंबामुळं तो लवचीक राहतो. घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतो. रंगासाठी हळद मस्त दिसते, पण तिकडच्या पांढऱ्या टेबलांवर आणि कपड्यांवर तिचा डाग जात नाही. खाण्याचा रंग वापरा, आणि तोही तुम्ही मळून द्या.

दोन वर्षांच्या आतल्या मुलाला यापैकी काहीच देऊ नका. त्यात इतकं मीठ असतं की मूठभर गिळलं तर बाळ आजारी पडतं. घरात कुत्रा असेल तर गोळा उंच ठेवा, कुत्र्यालाही ते मीठ घातक आहे.

ज्यातून भाषा येते ते खेळ

चादरीखालच्या वस्तूंचा खेळ सगळ्यांना ठाऊक असतो: वस्तू मांडायच्या, बघायच्या, झाकायच्या, एक काढून घ्यायची, काय गेलं ते ओळखायचं. चार वर्षांच्या मुलाला सहा वस्तू, सहा वर्षांच्याला दहा. ऑ पेअरसाठी हा खेळ सोन्यासारखा आहे, कारण प्रत्येक वस्तूचं नाव तुम्ही मुलाला विचारायचं. चमचा, किल्ली, कात्री. जर्मनमध्ये प्रत्येक नामाला डेर, डी, डास यांपैकी एक शब्द लागतो आणि तो पुस्तकातून पाठ करणं जिवावर येतं. मूल तो न चुकता लावतं. तुम्ही चुकलात की ते आनंदानं सुधारतं. मुलाला मोठ्या माणसाला शिकवायला मिळतं, आणि ओळख नसलेल्या घरात तुमच्याबद्दलची भीती यानंच लवकर जाते. रोज दहा मिनिटं, नवीन शब्द वहीत.

मामाचं पत्र हरवलं हा खेळ तिथं जसाच्या तसा आहे, नाव प्लुम्पझाक. मुलं गोल करून बसतात, एक जण पाठीमागून फडकं घेऊन फिरतो, ज्याच्या मागं पडलं त्यानं उठून पाठलाग करायचा. वाढदिवसाला आठ-दहा मुलं जमली आणि तुमच्यावर आली तर हा काढा. नियम तुम्हाला ठाऊक, शब्द त्यांना. सहापेक्षा कमी मुलं असतील तर गोल इतका लहान होतो की पळायलाच जागा राहत नाही, तेव्हा नको.

आपली ठिकरी तिथं हिमेल उंड ह्योलं, म्हणजे स्वर्ग आणि नरक. रस्त्यावर आखायचे जाड रंगीत खडू तिथं सर्रास मिळतात. चौकोन ३० ते ३५ सेंटीमीटरचे आखा, आठ पुरेत. चार वर्षांच्या मुलाला लंगडी जमत नाही, त्याला दोन्ही पायांनी उड्या मारू द्या. त्याच खडूंनी ठिपक्यांची रांगोळीही निघते. तीन गुणिले तीन ठिपक्यांपासून सुरू करा, ठिपके जोडताना आकडे म्हणून घ्या: आइन्स, त्स्वाय, द्राय. रांगोळीची पूड न्यायची गरज नाही. तिकडं वारा जोरात असतो, आणि खडूची रेघ पाऊस आला की आपोआप जाते. सामायिक अंगण असेल तर आखण्याआधी घरच्यांना विचारा.

लिंगोरच्यासाठी चपटे दगड शोधत बसू नका. लाकडी ठोकळे प्रत्येक घरात असतात. पाच वर्षांच्या मुलांना पाच ठोकळे, तीन मीटरवरून, स्पंजचा चेंडू. चेंडू मारून बाद करण्याचा नियम लहानांसाठी काढून टाका आणि चेंडू जमिनीवरून घरंगळत सोडायचा करा. नाहीतर पहिल्याच डावात कुणाच्या तरी नाकाला लागतो आणि खेळ संपतो.

पाऊस, पाणी, साबण

कोल्हापूरच्या पोरांना जून ते सप्टेंबर पाऊस नवा नाही, पण आपल्याकडं पाऊस आला की मुलाला आत घेतात. तिकडं बाहेर काढतात. त्यासाठी माट्शहोझं नावाची पाणी न झिरपणारी रबरी पँट असते. ती बुटांच्या आत नाही, बाहेर घ्यायची. आत खोचली तर पाणी सरळ बुटात उतरतं.

डबक्यासाठी कागदी होडी कुणालाही येते. वर्तमानपत्राची पाच मिनिटांत बसते. घडी घालण्याआधी कागदाच्या एका बाजूला मेणाचा खडू दाबून घासा आणि ती बाजू बाहेर ठेवा. होडी बराच वेळ तरंगते, आणि मेण पाणी का अडवतं हे न सांगता कळतं.

साबणाच्या फुग्यांसाठी भांडी घासायचा द्रव साबण एक भाग, पाणी सहा भाग, आणि अर्धा लिटरला एक मोठा चमचा साखर. हलक्या हातानं ढवळा आणि रात्रभर ठेवा. वर फेस आला तर फुगे धरत नाहीत, फेस चमच्यानं काढा. जर्मनीत बऱ्याच भागांत नळाचं पाणी जड आहे, साबण त्यात नीट काम करत नाही. तसं असेल तर उकळून गार केलेलं पाणी घ्या. कोरड्या उन्हात फुगे लगेच फुटतात, पाऊस पडून गेल्यावरच्या दमट हवेत टिकतात. दोन स्ट्रॉमधून ६० सेंटीमीटर लोकरीचा दोरा ओवून गाठ मारा, मोठे फुगे निघतात. लोकरच हवी, नायलॉन साबण धरून ठेवत नाही.

हळिवाचे लाडू आपण बाळंतिणीला देतो, तेच हळीव जर्मनीत क्रेसं म्हणून मिळतात आणि तिथली मुलं ते कापसावर उगवतात. अंड्याच्या रिकाम्या कवचात ओला कापूस, वर अर्धा चमचा बी पसरून. दोन दिवसांत मोड, पाच-सात दिवसांत कात्रीनं कापून ब्रेडवर. कवचावर मुलानं चेहरा काढला की हिरवे केस उगवल्यासारखं दिसतं. कापूस ओला हवा, पण पाणी साचलं तर बी कुजतं आणि वास मारतो. दिवाळीच्या किल्ल्यावर हिरवळ उगवायची आवड असेल तर तिकडं पुठ्ठ्याच्या खोक्यात किल्ला करा, उतारावर ओला कापूस आणि क्रेसं. बी मात्र तिथलंच घ्या. युरोपात बाहेरून बियाणं, ताजी फळं, रोपं आणताना वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो. सागरगोटे आणि चिंचोके त्याच कारणानं घरीच ठेवा, पाच गुळगुळीत खड्यांवर खेळता येतं. दुधाचे पदार्थ तर चालतच नाहीत, म्हणजे पेढे, तूप, बासुंदी काहीही नको.

खाणं आणि शेंगदाण्याचा कूट

इथं कोल्हापूरकरांनी विशेष लक्ष द्यायला हवं, कारण आपल्या हाताला कूट आपोआप सुटतो. भाजीत, कोशिंबिरीत, चटणीत. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला चिमूटभरानंही श्वास कोंडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. पहिल्याच दिवशी ॲलर्जीची यादी लेखी मागून घ्या, फ्रिजवर लावा. मुलांच्या मित्रांसाठी काही करायचं असेल तर त्यांच्या आईवडिलांना आधी विचारा. अख्खे शेंगदाणे, अख्खं द्राक्ष, गाजराचा कडक तुकडा पाच वर्षांच्या आत द्यायचा नाही. द्राक्ष लांबीतून चार भागांत कापायचं. आडवं कापलं तर चकती तशीच गोल राहते आणि घशाला झाकणासारखी बसते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, त्यातून जिवाणूंची विषबाधा होऊ शकते. काजळ घालणं, तेलानं मालीश करणं, पाळण्यात हेलकावे देणं हे आईनं सांगितल्याशिवाय करू नका.

रात्रीचं जेवण बहुतेक घरी थंड असतं: ब्रेड, चीज, काकडी. ते कमी वाटलं तरी मुलाला आग्रह करून भरवू नका. भरवायला बसणं ही आपली माया आहे, पण तिथं तीन वर्षांचं मूल स्वतः खातं आणि ‘बास’ म्हणालं की उठतं. झोपेची वेळ सात-आठ, आणि उन्हाळ्यात साडेनऊपर्यंत उजेड असतो. पडदे आधी ओढा, मग पुस्तक. पुस्तक वाचताना मुलालाच चित्रातल्या गोष्टी दाखवायला सांगा, उच्चार चुकला तरी तो खेळच होतो.

रस्ता आणि धोका

तिकडं वाहनं उजवीकडून चालतात. रस्ता ओलांडताना आपली मान सवयीनं आधी उजवीकडं वळते, गाडी मात्र डावीकडून येते. हे कळतं, पण अंगवळणी पडायला वेळ लागतो. पहिला आठवडा एकट्यानं चालून सवय करा, मगच मुलाचा हात धरून निघा. आणि लाल दिव्याला रस्ता रिकामा असला तरी थांबा. लहान मुलं बघत असतात, आणि तुम्ही ओलांडलंत तर शेजारची आजी बोलून दाखवेल.

गाडीत १२ वर्षांपर्यंत किंवा दीड मीटर उंचीपर्यंत मुलांना वेगळी बैठक लागते. थंडीत जाड जॅकेट काढून पट्टा लावा आणि जॅकेट वरून पांघरा. जॅकेटवरून लावलेला पट्टा घट्ट दिसतो, पण धडकेत जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाचा नंबर ११२, पोलिसांचा ११०. घराचा पत्ता जर्मनमध्ये स्पष्ट सांगता येतो का, याचा मोठ्यानं सराव करा.

काही वाक्यं झोपेतही आली पाहिजेत. ‘श्टॉप’ म्हणजे थांब. ‘गिब मिअर डी हांट’, हात दे. ‘एस इस्ट हाइस’, गरम आहे. ‘नॉख त्स्वायमाल’, अजून दोनदा. ‘मुस्ट डू आउफ्स क्लो’, शूला जायचंय का? चौथं वाक्य सर्वांत उपयोगी. घसरगुंडीवरून मुलाला घरी न्यायचं असतं तेव्हा ‘चल’ म्हटलं की रडारड होते. दहा मिनिटं आधी सांगा, पाच मिनिटं आधी सांगा, मग ‘नॉख त्स्वायमाल’ म्हणून दोन बोटं दाखवा आणि दोनदाच द्या. तिसऱ्यांदा दिलंत की दुसऱ्या दिवशी तुमच्या शब्दाला वजन उरत नाही.

हात उगारायचा नाही. जर्मनीत २००० सालापासून मुलाला मारहाणीविना वाढण्याचा हक्क कायद्यानं दिलेला आहे, हलका धपाटाही चालत नाही. राग आला तर मूल सुरक्षित आहे ना ते बघा, दोन पावलं मागं या, पाणी प्या. आणि मुलांचे फोटो व्हॉट्सॲप स्टेटसवर किंवा इन्स्टाग्रामवर टाकू नका. आई-बाबांनी लेखी परवानगी दिली असेल तरच, आणि तीही कुणाला दाखवायचे ते ठरवून. घरी कोल्हापूरला पाठवलेला फोटो पुढं कुठं जातो हे तुमच्या हातात राहत नाही.

तास लिहून ठेवा

एक छोटी वही, रोज कामाची सुरुवात आणि शेवटची वेळ. ‘जरा अर्धा तास बघशील का’ असं रोज झालं तर आठवड्याचे साडेतीन तास होतात आणि ते ३० मध्येच धरायचे असतात. मुलांचे कपडे, त्यांची भांडी, त्यांची खोली हे तुमचं काम. सबंध घराच्या खिडक्या पुसणं तुमचं काम नाही. आपल्याकडं वडीलधाऱ्यांना नाही म्हणायची सवय नसते, तिथं मात्र गप्प राहिलात तर तुम्हाला चालतंय असंच धरतात. दर रविवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं बसून पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक मागायचं, हे पहिल्या आठवड्यातच ठरवून घ्या. मूळ पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात देऊ नका. आणि न जमल्यास कुटुंब बदलता येतं. करारात नोटिशीची मुदत लिहिलेली असते, ती सही करण्याआधी वाचा.

रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारी दुपारपर्यंत डिंक, मैदा, मीठ, खडू घरात आहेत ना ते बघून ठेवा, कारण पावसाळी रविवारी कुणीतरी नक्की विचारणार, आज काय करायचं. आणि पतंगी कागदाचे दोन ताव कपाटात राखून ठेवा, ६ डिसेंबरच्या निकोलाउसला, म्हणजे सेंट निकोलसच्या दिवशी, खाऊ मिळावा म्हणून मुलं आदल्या रात्री दाराशी बूट पुसून ठेवतात, त्या बुटांत ठेवायला कागदाची फुलं करता येतात.